झऱ्याच्या माथ्यावरचं रान

फेब्रुवारी संपायच्या आतच करमळवाडीच्या नळाची धार करंगळीएवढी झाली.

वाडी चौदा घरांची. गारगोटीपासून गाडीनं तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत. विहीर नाही, रस्ता झाल्यापासून बोअर मारायला आणलेली गाडी दोनदा खडक लागून परत गेलेली. डोंगरात अर्ध्या तासाच्या चढावर एक झरा होता. त्याचं पाणी काळ्या पाइपानं उतारावरून खाली येई, वाडीतल्या सिमेंटच्या टाकीत पडे आणि टाकीच्या एकुलत्या नळाला सगळी वाडी घागरी लावी. वीस वर्षं हे असंच चाललेलं. पाइप कुठं निसटला, कुठं गव्यानं तुडवला, ते बघायचं काम सयाजीचं. टाकीची किल्लीही त्याच्याकडेच. झऱ्याच्या वरचं रानही त्याच्याच मालकीचं.

धार बारीक झाली तशा बायका एकमेकींच्या घागरी मोजायला लागल्या.

"तुजी तिसरी न्हवं का गं?"

"दुसरी हाय. डोळं फुटलं का तुजं?"

सयाजीची सून संयोगिता रांगेत उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा नवरा आदर्श कोल्हापुरात फौंड्रीत कामाला. महिन्यातून एकदा येई. घरात ती, तिची दोन वर्षांची पोरगी आणि सासरा. तिची घागर भरायला लागली की बोलणं थांबायचं. किल्ली सयाजीच्या घरात म्हणजे पाणीही सयाजीच्या घरात, असं कुणी उघड म्हणत नव्हतं, पण घागर उचलताना पाठीवर नजरा कळायच्या.

शेवटी ऋतुराज सयाजीच्या दारात आला. तिशीतला गडी, वाडीतला एकटाच ग्रामपंचायतीचा मेंबर. आवाज आधी यायचा, तो मागनं.

"सयाजीतात्या, पाण्याचं काय? वर जाऊन बघितलं का न्हाय?"

"जातोय की आज."

"जावाच. कोनीतरी मदीच पानी वडालाय बगा. झरा काय आसा आटत न्हाय. माझ्या आज्यापास्नं कवा आटल्याला न्हाय."

सयाजी दुपारी वर गेला. पाइपाच्या कडंकडंनं, दर जोडावर हात फिरवत. कुठं ओल नव्हती. पूर्वी अर्ध्या वाटेनंतर झाडी सुरू व्हायची, डोक्यावर ऊन लागायचं नाही. आता पार झऱ्यापर्यंत ऊन होतं. टाळू तापली, गुडघे धरून आले.

झऱ्यापाशी तो उभा राहिला. खडकाच्या कपारीतून पूर्वी मनगटाएवढं पाणी यायचं आणि खालची जमीन बारा महिने चिखलाची असायची, घोट्यापर्यंत पाय रुतायचा. आता कपारीतून पाणी झिरपत होतं, एवढंच. थेंबामागं थेंब. खाली बांधलेलं सिमेंटचं डबरं निम्मंही भरलं नव्हतं. त्याच्या काठावर दोन मधमाशा बसल्या होत्या, त्याही हलत नव्हत्या.

त्यानं मान वर केली. झऱ्याच्या वर पार कड्यापर्यंत बुंधे होते. हिरड्याचे, जांभळीचे, अंजनीचे. काही बुंध्यांवर अजून चुन्याचा पट्टा दिसत होता.

तो पट्टा त्यानंच ओढला होता.

तीन वर्षांमागं ऑगस्टात त्याची बायको चिमणाबाई पोटात कळ आली म्हणून जोत्यावर बसली ती उठलीच नाही. वाडीला रस्ता नव्हता. चौघांनी तिला घोंगड्यात घालून, बांबूला टांगून, पावसात खाली डांबरीपर्यंत नेलं. निम्म्या उतारावर ती म्हणाली, "मला खाली ठेवा." ठेवल्यावर मग काही बोललीच नाही. त्याच दिवाळीनंतर एक ठेकेदार आला. "पावणं, तुमचं वरचं रान मला द्या. माझ्या ट्रका यायला रस्ता लागंलच. त्यो मी डांबरीपास्नं वाडीपातूर जेसीबीनं पाडून देतो, खडी टाकून देतो. पैसं नको घ्यायला आनि द्यायला." सयाजीनं एका दिवसात हो म्हटलं. कागद झाले, परवानगी झाली. फक्त सुतार नबीलाल तेवढा म्हणाला होता, "झऱ्याच्या माथ्यावरचं तरी ठेव, सयाजी. त्येच्या मुळांत पानी हाय." म्हणून सयाजीनं तिथल्या तीसेक झाडांना चुन्याचे पट्टे ओढले. ही तोडायची नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात तो वर गेला तेव्हा पट्ट्यांची झाडंही पडलेली होती. करवतीचं यंत्र अजून गुरगुरत होतं. तो ठेकेदाराच्या माणसाला बोलणार होता. पण रस्ता अजून मधल्या ओढ्यापर्यंतच आला होता. आता तंटा केला तर जेसीबी तिथनंच माघारी जाणार. तो गप खाली उतरला आणि कुणाला काही बोलला नाही. महिन्यानं रस्ता वाडीत आला, ऋतुराजनं त्याच्या गळ्यात हार घातला, नारळ त्याच्या हातानं फुटला. त्यानंतर वर कुणी जायचं कारणच उरलं नाही. हिरडा गोळा करायला जायच्या त्या बायका जायच्या थांबल्या, कारण हिरडाच नव्हता. गवे तेवढे खाली यायला लागले, भाताची रोपं टाकलेल्या तरव्यात.

सयाजी डबऱ्याच्या काठावर बराच वेळ बसला. मग उतरला.

टाकीपाशी ऋतुराज होता, सात-आठ बायका होत्या, नबीलालची बायको अमीरबी घागर घेऊन शेवटाला उभी होती.

"काय तात्या? झऱ्याला पानी हाय?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. 

"हाय की," सयाजी म्हणाला. "झरा हाय तसा हाय."

"मग सांगितलं न्हवतं मी?" ऋतुराजनं हात आपटला. "मदीच वडालंय कोनतरी!"

सयाजीनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण वरून येणारा पाइप वाडीत शिरताना पहिल्यांदा एकाच घरामागनं जायचा, नबीलालच्या.

दुसऱ्या दिवसापासून नबीलालच्या घराकडं बघायची वाडीची तऱ्हा बदलली. नबीलाल साठीचा. त्याच्या बापापासून वाडीच्या चौकटी, पाळणे, औतं त्यांच्याच घरात व्हायची. अंगणात रंधा मारत बसायचा, पायांभोवती भुश्याचे ढीग. त्याच्या परसात अळवाची चार पानं आणि माठाची भाजी हिरवीगार होती. आधी तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"पानी न्हाय म्हणत्यात, आनि अळू बघ केवढं झालंय," एकजण म्हणाली.

"भांडी धुतल्यालं पानी घालतो आमी," अमीरबी नळावर म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. त्यामुळं आणखीच संशय आला.

ऋतुराजनं बहिणीच्या घरासाठी दार करायला टाकलं होतं. तो येऊन अर्धं झालेलं दार उचलून घेऊन गेला. "गारगोटीतनं करून घेतो. तुमाला कशाला तरास."

"बिजागऱ्या लावायच्या हाईत अजून," नबीलाल म्हणाला.

"र्‍हाऊ द्या."

नबीलाल रंधा हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसून त्यानं दुसरी फळी घेतली.

नळावर अमीरबीची घागर सर्वांत शेवटी लागायला लागली. कुणी ढकललं नाही. ती पुढं आली की पुढची बाई दोन घागरी मांडायची, एवढंच. एकदा ती रिकामी घागर घेऊन घरी गेली. संयोगितानं ते पाहिलं आणि आपली भरलेली घागर तिच्या दारात नेऊन ठेवली. अमीरबी घागरीकडं बघत राहिली.

"ने माघारी," ती म्हणाली. "तुज्या सासऱ्यानं बघितलं तर त्येला वाटंल, मीच मागितली."

संयोगिता वळली. घागर तिनं तिथंच ठेवली.

घरी आल्यावर तिनं दारातल्या सासऱ्याच्या चपला उचलून बघितल्या. गेल्या आठ दिवसांपासून ती त्या चपलांकडं बघत होती. सासरा झऱ्यावरनं आला की चपलांना लाल चिखल थापलेला असायचा, ती तो काडीनं खरवडायची. त्या दिवशी आला तेव्हा चपलांवर नुसता धुरळा होता. तिला तेव्हाच नवल वाटलं होतं.

तिनं भाकरी वाढली. सयाजी खाली मान घालून जेवत होता. हल्ली एक भाकरीही संपत नव्हती.

"मामा, झऱ्यापाशी चिखल हाय का आता?"

सयाजीचा घास थांबला.

"का?"

"तुमच्या चपलांना नव्हता."

पोरगी ताटातला कांदा ओढत होती. सयाजीनं तिचा हात बाजूला केला, मग कांदा तिच्याच हातात ठेवला.

"तू गेलतीस वर?"

"न्हाय. जाऊ का?"

"नको."

ती चुलीपाशी बसून राहिली. "मग सांगून टाका की. त्या बिचाऱ्या अमीरबी चाचीचं काय चाललंय ते बघताय न्हवं?"

"काय सांगू? रस्त्याचा नारळ मी फोडलाय. हार माझ्या गळ्यात पडलाय. आता म्हनू, त्येच्यापायी तुमचं पानी गेलं?" त्याचा आवाज बारीक झाला. "चिमणी गेली तवा रस्ता न्हवता. तू न्हवतीस हितं. मी व्हतो तिच्यापाशी."

संयोगिता उठली. तिनं ताट उचललं. पण त्या दिवसापासून ती त्याच्याकडं बघायची तेव्हा तिच्या नजरेत काहीतरी मोजणं होतं. हा माणूस आणखी काय काय बोलला नसेल?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धार तुटली. नळ फुरफुरला, तांब्याभर पाणी आलं आणि हवा यायला लागली.

तासाभरात ऋतुराज चार गडी, कुदळी आणि पहार घेऊन नबीलालच्या परसात उभा होता. मागनं सगळी वाडी. सयाजीलाही बोलावून आणला होता. पाइप कुठनं गेलाय ते त्याला ठाऊक.

"दाखवा तात्या."

सयाजीनं बोट दाखवलं. नबीलाल उंबऱ्यात उभा होता.

"खणा," तो म्हणाला. "माझी ना न्हाय."

त्यांनी अळू उपटून काढलं. माठाचा वाफा उलटा झाला. मग परसातली फरशी उचकटली. ऊन वर आलं, गड्यांचे सदरे पाठीला चिकटले. पाइप उघडा पडला, काळा, सलग. कुठं जोड नाही, भोक नाही. ऋतुराज स्वतः उतरून हात फिरवत गेला, चरातनं बाहेर आला तेव्हा त्याचे गुडघे मातीनं माखलेले होते आणि चेहरा चिडलेला.

"घरात गेलाय का बघा. न्हाणीखालनं घेतला आसंल."

"न्हाणी फोडायची?" कुणीतरी विचारलं.

कुणी नको म्हटलं नाही.

अमीरबी आत गेली आणि न्हाणीतली भांडी एकेक बाहेर आणून ठेवायला लागली. हंडा. बादली. तांब्या. साबणाची डबी. सगळ्यांसमोर ओळीनं मांडली. आवाज होईल म्हणून जपून ठेवत होती, जणू पाहुणे जेवायला बसलेत.

नबीलालनं पहार उचलली. सयाजीपुढं धरली.

"घे. तूच फोड."

सयाजीनं पहार धरली. ती जड होती. न्हाणीच्या दारात दोन पावलं गेला, पहार वर केली. पाठीमागं संयोगिता होती. तिनं डोळे मिटले नव्हते, ती बघत होती. त्याला वाटलं, आता मारली की झालं. मग हे कुणालाच कळणार नाही. न्हाणीखाली काही सापडणार नाही, पण संशय तेवढा नबीलालच्या अंगाला राहील, मरेपर्यंत.

पहार खाली आली ती टोकावर टेकली.

"झराच न्हाय," तो म्हणाला.

"काय?"

"झराच आटलाय. मी बघितलं तवाच आटत आलता." तो भिंतीकडं तोंड करून बोलत होता. "झऱ्याच्या माथ्यावरची झाडं सोडायची म्हणून चुना मारलता मी. ठेकेदारानं तीबी पाडली. मला म्हाईत व्हतं. रस्ता निम्म्यात व्हता म्हणून बोललो न्हाय. नबीलालनं थेंबबी घेतलेला न्हाय."

 खालच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल वर येत होती, तिचा आवाज मोठा होत गेला.

ऋतुराजनं हातातली कुदळ दुसऱ्या हातात घेतली. "मग तवा झरा हाय तसा हाय म्हणून कोनी सांगितलं, तात्या?"

"मीच."

"आमी हितं फरशा फोडल्या की."

"व्हय."

एक म्हातारी थुंकली. सयाजीच्या पायावर नाही, पण जवळच. माणसं एकेक करून निघाली, ऋतुराजही. जाताना तो नबीलालकडं बघत नव्हता. दार उचलून नेलं होतं, ते माघारी आणतो, असं काही म्हणाला नाही.

नबीलालनं सयाजीच्या हातातली पहार काढून घेतली, भिंतीला टेकवली.

"चर बुजीव," तो म्हणाला आणि आत गेला.

सयाजीनं एकट्यानं चर बुजवला. खोऱ्यानं माती ओढायची, पायानं दाबायची, पुन्हा ओढायची. तळहाताला फोड आले, फुटले. संध्याकाळपर्यंत अमीरबी तीनदा बाहेर येऊन बघून गेली. चौथ्यांदा आली तेव्हा फरशीवर पाय ठेवून म्हणाली, "हितं डुगडुगालीय." त्यानं फरशी पुन्हा उचलली, खाली माती भरली, बसवली. तिनं पुन्हा पाय ठेवला. मग भांडी आत न्यायला लागली. पाणी तिनं विचारलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही.

त्यानंतर ट्यांकर यायला लागला. एक दिवसाआड, त्याच रस्त्यानं. बायका बादल्या घेऊन धावायच्या. एक म्हणाली, "रस्ता हाय म्हणून ट्यांकर तरी यालाय." कुणी हसलं नाही. सयाजी रांगेत आला की लोक जागा द्यायचे, पण आदरानं नाही. जवळ उभं राहायला नको म्हणून. ट्यांकरवाल्यानं पाइप त्याच्या बादलीत धरला की दोन-तीन माना वळायच्या. किती घेतो बघायला.

आठवड्यानं ऋतुराजनं वाडीला वर नेलं. पुष्कळांनी तीन वर्षांत ते रान बघितलं नव्हतं. बायका बुंध्यांमधनं चालत होत्या. एकीला आपली हिरड्याची झाडं कुठं होती ते सापडेना. कड्याजवळ शेकरूचं जुनं घरटं खाली पडलं होतं, काटक्यांचा वाळका गोळा. ऋतुराज म्हणाला, "पावसाळ्यात रोपं लावू. वनखात्याकडनं आणतो."

"रोपं कशाला?" नबीलाल मागनं म्हणाला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होता. एका जांभळीच्या बुंध्यावर तो कमरेतून वाकला होता. बुंध्याच्या कडेनं बोटाएवढे फुटवे आले होते, आणि सगळे शेंड्याकडनं खाल्लेले. "मुळं जित्ती हाईत. दर साली फुटत्यात. कोन खातंय बघा की."

वाडीतल्या मोकळ्या सोडलेल्या शेळ्या आपसूक वर चढायच्या, त्यांच्या लेंड्या सगळीकडं होत्या. कुणाच्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं: सगळ्यांच्याच. सयाजीच्या चार, ऋतुराजच्या सहा.

तिथंच ठरलं की पाच वर्षं वर शेळी नाही, कोयता नाही, वणवा नाही. मग प्रश्न आला, राखणार कोण? ऋतुराजनं नाव सुचवलं की दुसरा म्हणे, त्याचाच मेहुणा लाकडं नेतो. एकानं स्वतःचं नाव सांगितलं तर बायका हसल्या. कुणावर कुणाचा भरवसा नव्हता. शेवटी संयोगिता बोलली.

"मामा राखतील. त्येंच्यावर सगळ्यांचंच डोळं हाईत."

ते सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीनं चारही शेळ्या गारगोटीच्या बाजारात नेऊन विकल्या आणि काठी घेऊन वर जायला लागला. सकाळी भाकरी बांधून जायचा, दिवस मावळायच्या आत यायचा. सावली अशी नव्हतीच. कड्याखाली खडकाची थोडी असायची, तीत बसायचा, सावली सरकली की सरकायचा. पहिल्याच आठवड्यात ऋतुराजच्या शेळ्या आल्या. त्यानं त्या खाली हाकलत आणल्या आणि ऋतुराजच्या दारात उभा राहिला. ऋतुराजनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला शिकिवतोस व्हय?" म्हणाला. पण शेळ्या बांधल्या.

दर चार दिवसांनी कुणीतरी उगीचच वर यायचं. "वाट चुकलो," म्हणायचं, इकडं तिकडं बघायचं, बुंध्यांवर नजर टाकून जायचं. सयाजीला कळायचं.  तोही त्यांच्या कंबरेला कोयता आहे का ते बघायचाच.

एप्रिलच्या अखेरीला दुपारी नबीलाल आला. धापा टाकत, डोक्याला टॉवेल. त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. नबीलाल बुंध्याबुंध्यापाशी वाकत फिरला. शेळ्या थांबल्यापासून फुटवे हातभर झाले होते, एकेका बुंध्याला वीस-वीस, झुबकेच्या झुबके. तांबूस पानं उन्हात चमकत होती.

"आसं ठेवून भागायचं न्हाय," तो म्हणाला. "समद्यांनी मिळून रस खाल्ला तर एकबी झाड व्हनार न्हाय. दोन ठेवायचं, जाडजूड बघून. बाकीचं काढायचं."

"काढायचं?"

"बुडातनं."

त्यानं टॉवेलात गुंडाळलेला कोयता काढला. मूठ पुढं करून सयाजीपुढं धरला.

सयाजीनं हात पुढं केला नाही. "म्हंजी, मी तोडायचं? ह्या रानात?"

"गुडघं माझं वाकत न्हाईत आता."

"माझ्या हातात कोयता देतोस, नबी?"

नबीलालनं जवळचा खडक बघितला, हातानं झाडला आणि त्यावर बसला, सयाजीचे हात नीट दिसतील असा.

"मी हितंच हाय की," तो म्हणाला. "बघालोय. तोड."